समव्यवसायी मुलाखत : प्रश्न विचारणाऱ्याचा लाभ

मुलाखतीचा विचार सामान्यतः उत्तरे देणाऱ्या व्यक्तीच्या अंगाने केला जातो. वाचक तिच्यासाठीच मुलाखत वाचतो, छायाचित्र तिचे छापले जाते, आणि प्रश्न विचारणाऱ्याचे नाव बहुधा मजकुराच्या शेवटी, लहान अक्षरांत येते. मुलाखतीचा एक प्रकार मात्र असा आहे की ज्यात हे माप अपुरे पडते. एकाच कलेत किंवा व्यवसायात काम करणाऱ्या दोघांपैकी एकाने दुसऱ्याला त्याच्या कामाविषयी सविस्तर प्रश्न विचारणे, हा तो प्रकार होय. त्याला येथे ‘समव्यवसायी मुलाखत’ असे म्हटले आहे. वार्ताहर साधारणपणे घटना, मते आणि चरित्र यांच्या शोधात असतो. समव्यवसायी मुलाखतकार कृतीच्या शोधात असतो. अमुक प्रसंग लिहिण्याचे का सुचले, यापेक्षा तो लिहिताना कोणती अडचण आली आणि ती कशी सोडवली, हे त्याला हवे असते, कारण तीच अडचण उद्या त्याच्याही पुढ्यात येणार असते. म्हणूनच अशा मुलाखतीचा पहिला आणि सर्वांत मोठा लाभ प्रश्न विचारणाऱ्याला होतो, आणि वाचकाला जे मिळते ते त्या लाभातूनच मिळते.

हा लाभ कोणत्या स्वरूपाचा असतो, हे समजण्यासाठी ‘अव्यक्त ज्ञान’ ही संकल्पना उपयोगी पडते. मूळचे हंगेरीचे आणि पुढे इंग्लंडमध्ये स्थायिक झालेले रसायनशास्त्रज्ञ व तत्त्वचिंतक मायकेल पोलान्यी यांनी 1958 आणि 1966 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत तिची मांडणी केली. कुशल माणसाच्या ज्ञानाचा मोठा भाग त्याच्या हातांत, सवयींत आणि निर्णयांत मुरलेला असतो. तो त्याला वापरता येतो, पण नियमांच्या रूपात सांगता येतोच असे नाही, असे त्या मांडणीचे सार आहे. हे ज्ञान पाठ्यपुस्तकात उतरत नाही, कारण ज्याच्याजवळ ते आहे त्यालाच ते वेगळे काढून दाखवण्याची गरज कधी भासलेली नसते. ती गरज बाहेरून निर्माण करावी लागते, आणि ती निर्माण करण्याचे काम नेमका प्रश्न करतो. पण नेमका प्रश्न सुचण्यासाठी विचारणाऱ्याला त्या कामातल्या खाचाखोचा ठाऊक असाव्या लागतात. संकलनाच्या टेबलावर दोन चित्रचौकटी जुळवताना जो स्वतः अडला आहे, त्यालाच दुसऱ्याच्या जोडणीतले कौशल्य दिसते. इतरांना ती जोडणी दिसतच नाही, आणि ती दिसू नये हेच तिचे यश असते.

या प्रकाराचे सर्वांत समृद्ध उदाहरण चित्रपटाच्या क्षेत्रात सापडते. फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफो यांनी ऑगस्ट 1962 मध्ये आल्फ्रेड हिचकॉक यांची जी प्रदीर्घ मुलाखत घेतली, ती 1966 साली फ्रान्समध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली आणि पुढच्याच वर्षी इंग्रजीत आली. त्या वेळी त्रुफो तीस वर्षांचे होते. 1951 साली सुरू झालेल्या ‘काइये द्यु सिनेमा’ या नियतकालिकातून जहाल समीक्षा लिहिणारा हा तरुण 1959 च्या ‘द फोर हंड्रेड ब्लोज’ या पहिल्याच पूर्ण लांबीच्या चित्रपटाने जगाला माहीत झाला होता, आणि ‘ज्यूल अँड जिम’ हा त्याचा तिसरा चित्रपट त्याच वर्षी प्रदर्शित झाला होता. हिचकॉक साठी ओलांडलेले होते, प्रेक्षकांत अत्यंत लोकप्रिय होते, आणि अमेरिकेतील बऱ्याच समीक्षकांच्या लेखी कुशल करमणूक करणारे एक गृहस्थ एवढेच होते. ‘काइये’च्या गटाचे मत याहून अगदी वेगळे होते. क्लोद शाब्रोल आणि एरिक रोमेर यांनी 1957 सालीच हिचकॉक यांच्यावर पुस्तक लिहिले होते. त्रुफो ‘ज्यूल अँड जिम’च्या निमित्ताने न्यूयॉर्कला गेले असता, फ्रेंच मंडळी या दिग्दर्शकाला इतके गांभीर्याने का घेतात, असा प्रश्न तिथले समीक्षक त्यांना वारंवार विचारू लागले, आणि त्या प्रश्नाला पुस्तकानेच उत्तर द्यावे असे त्यांनी ठरवले.

जून 1962 मध्ये त्रुफो यांनी हिचकॉक यांना पत्र लिहिले. सर्व चित्रपटांवर क्रमाने प्रश्न विचारावेत, संपूर्ण संभाषण ध्वनिमुद्रित करावे आणि त्यातून ग्रंथ सिद्ध करावा, अशी योजना त्यात होती. हिचकॉक यांनी तारेने संमती कळवली. 13 ऑगस्टला, म्हणजे हिचकॉक यांच्या त्रेसष्टाव्या वाढदिवशी, युनिव्हर्सल स्टुडिओत संभाषणाला सुरुवात झाली आणि ते सुमारे आठवडाभर चालले. त्रुफो यांना इंग्रजी जेमतेम येत असे, त्यामुळे न्यूयॉर्कच्या फ्रेंच फिल्म ऑफिसमध्ये काम करणाऱ्या हेलन स्कॉट दुभाषी म्हणून सोबत होत्या. प्रत्येक प्रश्न आणि प्रत्येक उत्तर त्यांच्यामार्फत जात होते. त्यामुळे वेळ दुप्पट लागला हे खरे, पण दोन वाक्यांमध्ये दोघांनाही विचार करायला जी सवड मिळाली, तिचा परिणाम मजकुराच्या नेमकेपणावर झाला असावा असे मानायला जागा आहे.

या मुलाखतीतले प्रश्न वाचण्यासारखे आहेत. त्रुफो मूकपटांपासून सुरुवात करतात आणि एकेका चित्रपटातल्या एकेका दृश्यापाशी थांबतात. ‘सस्पिशन’ या 1941 च्या चित्रपटात कॅरी ग्रँट दुधाचा पेला घेऊन अंधाऱ्या जिन्याने वर येतो आणि प्रेक्षकाची नजर त्या पेल्यावरून हलत नाही. याचे कारण असे की त्या दुधात एक लहानसा विजेचा दिवा ठेवलेला होता, ही माहिती या संभाषणातून पुढे आली. त्यात एक युक्ती कळते, पण तेवढेच नाही. प्रेक्षकाने पडद्यावर कुठे पाहावे हे संवादाने सांगण्याऐवजी प्रकाशाने सांगावे, हा एक कार्यनियमच त्या दिव्यात दडलेला आहे, आणि दिग्दर्शकाला उपयोगी पडतो तो हा नियम.

‘उत्कंठा’ आणि ‘धक्का’ यांतील जो भेद आज चित्रपटाच्या प्रत्येक अभ्यासक्रमात शिकवला जातो, त्याचे सर्वांत स्पष्ट विवेचनही याच ग्रंथात आहे. काही माणसे टेबलाभोवती बसून साध्या गप्पा मारत आहेत आणि टेबलाखाली बॉम्ब आहे, असे हिचकॉक यांनी कल्पिलेले उदाहरण आहे. प्रेक्षकाला बॉम्बची कल्पना नसेल, तर स्फोटाच्या क्षणी त्याला पंधरा सेकंदांचा धक्का बसतो. पण बॉम्ब ठेवलेला त्याने आधीच पाहिला असेल आणि तो किती वाजता फुटणार हेही त्याला ठाऊक असेल, तर त्याच निरर्थक गप्पा पंधरा मिनिटे त्याचा जीव टांगणीला लावतात. म्हणून शक्य असेल तेव्हा प्रेक्षकाला माहिती द्यावी, ती लपवून ठेवू नये, हा त्यातला निष्कर्ष आहे. तशीच गोष्ट ‘मॅकगफिन’ या संज्ञेची. कथेतील पात्रे ज्याच्यासाठी जिवावर उदार होऊन धावपळ करतात, पण प्रेक्षकाच्या दृष्टीने ज्याच्या तपशिलाला काहीच महत्त्व नसते, अशा वस्तूला वा गुपिताला हिचकॉक मॅकगफिन म्हणत. ‘द थर्टी नाइन स्टेप्स’मधील विमानाच्या यंत्राचे सूत्र किंवा ‘नोटोरियस’मधील दारूच्या बाटल्यांत लपवलेले युरेनियम ही त्याची उदाहरणे होत. ही संज्ञा हिचकॉक यांच्या वापरात आधीपासून होती, परंतु तिचे उपयोजन चित्रपटागणिक उलगडून दाखवण्याचा प्रसंग त्यांच्यावर या प्रश्नकर्त्याने आणला.

याहूनही मोलाच्या आहेत त्या चुकांविषयीच्या जागा. ‘सॅबोटाज’ या 1936 च्या चित्रपटात एक लहान मुलगा नकळत बॉम्बचे पुडके घेऊन लंडनभर फिरतो आणि अखेर बसमध्ये त्याचा स्फोट होतो. प्रेक्षकाच्या मनात त्या मुलाविषयी इतकी माया निर्माण केल्यावर त्याला मारणे ही गंभीर चूक होती, असे हिचकॉक यांनी मान्य केले, आणि त्रुफो यांनीही तसेच मत दिले. ‘रोप’ या 1948 च्या चित्रपटाबाबत मात्र दोघांचे जुळले नाही. सुमारे दहा-दहा मिनिटांच्या अखंड चित्रणांनी बांधलेला तो प्रयोग स्वतःच्या संकलनविषयक सिद्धान्तांच्या विरुद्ध जाणारा, आणि म्हणून निरर्थक होता, असे हिचकॉक म्हणत होते; तर एका सलग कृतीत अवघा चित्रपट गुंफावा हे दिग्दर्शकाचे स्वप्न असते, त्यामुळे तो प्रयोग सहज झटकून टाकता येणार नाही, असे त्रुफो यांनी त्यांना सांगितले. मुलाखतकाराने ज्येष्ठाच्या विरोधात जाऊन त्या ज्येष्ठाच्याच कलाकृतीची बाजू घ्यावी, ही घटना वृत्तपत्रीय मुलाखतीत जवळजवळ अशक्य असते. ती येथे घडू शकली, कारण विचारणाऱ्याला त्या प्रश्नात स्वतःचा स्वार्थ होता: अखंड चित्रण करावे की तुकड्यांनी, याचा निर्णय त्याला पुढच्या चित्रपटात घ्यावाच लागणार होता.

त्रुफो यांच्या पुढील चित्रपटांत या स्वार्थाचा माग लागतो. ग्रंथ सिद्ध होत असतानाच्या चार वर्षांत त्यांनी ‘द सॉफ्ट स्किन’ आणि ‘फॅरनहाइट 451’ हे चित्रपट केले. ‘फॅरनहाइट 451’चे संगीत बर्नार्ड हरमन यांचे आहे, जे हिचकॉक यांच्या ‘व्हर्टिगो’ आणि ‘सायको’चे संगीतकार होते. 1968 च्या ‘द ब्राइड वोर ब्लॅक’ला पुन्हा हरमन यांचेच संगीत आहे आणि त्याची मूळ कादंबरी कॉर्नेल वूलरिच यांची आहे, ज्यांच्या कथेवर हिचकॉक यांनी ‘रिअर विंडो’ केला होता. हे चित्रपट हिचकॉक यांच्या तोडीचे आहेत की नाहीत, यावर मतभेद आहेत, आणि त्रुफो यांची खरी ताकद अन्यत्र, म्हणजे मुलांच्या आणि प्रेमात पडलेल्या माणसांच्या चित्रणात होती, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल. तरीही एका कलावंताने दुसऱ्याकडून काय घेतले आणि काय घेता आले नाही, हे इतक्या स्पष्टपणे तपासता येते असे दुसरे उदाहरण सहसा मिळत नाही.

मुलाखत देणाऱ्यालाही अर्थातच लाभ झाला. या ग्रंथाने हिचकॉक यांच्याकडे पाहण्याची इंग्रजी भाषिक जगाची दृष्टी बदलण्यास मोठा हातभार लावला. दिग्दर्शनाचे ऑस्कर त्यांना पाच नामांकनांनंतरही कधी मिळाले नाही, पण अभ्यासाचा विषय म्हणून त्यांचे स्थान पक्के झाले.

समव्यवसायी मुलाखतीचा आणखी एक लाभ व्यावहारिक असतो आणि तो सांगण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. 1953 साली पॅरिसमध्ये काही तरुण अमेरिकी लेखकांनी ‘द पॅरिस रिव्ह्यू’ हे नियतकालिक सुरू केले, तेव्हा नामवंत लेखकांकडून कथा मागवून त्यांना साजेसे मानधन देणे त्यांना परवडणारे नव्हते. त्यांनी त्याऐवजी नामवंतांशी लेखनाच्या तंत्राविषयी संभाषण करून ते छापण्याचा मार्ग काढला. पहिल्याच अंकात ई. एम. फॉर्स्टर यांची मुलाखत आली; संपादक जॉर्ज प्लिम्प्टन केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात शिकले होते आणि फॉर्स्टर त्याच महाविद्यालयात राहत असत. अशा रीतीने मोठी नावे अंकात आली, नव्या लेखकांच्या कथा-कवितांना वाचक मिळाला, आणि मुलाखतींची ती मालिका पुढे नियतकालिकाची मुख्य ओळखच बनली. 1958 साली प्लिम्प्टन यांनी घेतलेल्या अर्नेस्ट हेमिंग्वे यांच्या मुलाखतीत, ‘अ फेअरवेल टु आर्म्स’चे शेवटचे पान त्यांनी 39 वेळा पुन्हा लिहिल्याचा उल्लेख येतो. हेमिंग्वे एवढे सांगून थांबले असते, तर ती केवळ परिश्रमाची आख्यायिका ठरली असती; अडचण कोणत्या स्वरूपाची होती, हा प्लिम्प्टन यांचा लगोलग आलेला प्रश्न तिला कारागिरीच्या पातळीवर आणतो, आणि योग्य शब्द सापडेपर्यंतचा तो झगडा होता हे त्यातून कळते. या मालिकेत मजकूर छापण्यापूर्वी लेखकाकडे दुरुस्तीसाठी पाठवण्याची प्रथा होती. पत्रकारितेच्या नियमांनुसार ही प्रथा आक्षेपार्ह मानली जाईल, कारण तिथे उत्तर देणाऱ्याला अडचणीत पकडणे हाही हेतू असू शकतो. येथे हेतू काम समजून घेण्याचा असल्याने दुरुस्तीमुळे नुकसानापेक्षा फायदाच अधिक झाला.

प्रश्नकर्त्याचा स्वतःचा सिद्धान्त मोडणे, हाही लाभच आहे, आणि कदाचित तो सर्वांत दुर्मीळ असावा. अमेरिकी कादंबरीकार फिलिप रॉथ यांनी आपल्या समकालीन लेखकांशी केलेली संभाषणे 2001 साली ‘शॉप टॉक’ या नावाने संकलित झाली. त्यांतील प्रीमो लेवी यांच्याशी झालेले संभाषण सप्टेंबर 1986 मधले, तुरीन शहरातले आहे. लेवी पेशाने रसायनतज्ज्ञ होते, रंगांच्या कारखान्यात त्यांनी अनेक वर्षे व्यवस्थापक म्हणून काम केले, आणि ऑश्वित्झच्या छळछावणीतून वाचून आल्यावर त्यांनी तिच्याविषयी लिहिले. रॉथ यांनी तो कारखानाही पाहिला. लेवी यांचे वाचणे हे त्यांच्या विचारशक्तीचे, शास्त्रज्ञाच्या निरीक्षक बुद्धीचे फळ होते, अशी मांडणी रॉथ यांनी प्रश्नातून केली. ती आकर्षक होती, लेखकाला हवीहवीशी वाटेल अशीही होती. लेवी यांनी निरीक्षण आणि विचार यांचा वाटा नाकारला नाही, पण मुख्य वाटा नशिबाचा होता, आणि छावणीत शिरताना शरीर धडधाकट असणे व जर्मन भाषा येणे या गोष्टींचा होता, असे सांगून ती मांडणी बाजूला सारली. पुढच्या वर्षीच्या एप्रिलमध्ये लेवी यांचा मृत्यू झाला. रॉथ यांनी लेवींवर स्वतंत्र समीक्षालेख लिहिला असता, तर त्यांचा सिद्धान्त आज अबाधित उभा असता आणि तो चुकीचाच राहिला असता.

या प्रकाराला धोकेही आहेत. आदर वाढला की प्रश्न मऊ होतात, आणि समव्यवसायी मुलाखतकार बहुधा आदरानेच आलेला असतो. त्रुफो यांच्या ग्रंथातही काही ठिकाणी प्रश्नच उत्तराहून लांब आणि उत्तराला सुचवणारे झाले आहेत. शब्दांकनाचा प्रश्न याहून अवघड आहे. संगीतकार इगोर स्ट्राविन्स्की यांच्याशी त्यांचे सहकारी व संगीतसंचालक रॉबर्ट क्राफ्ट यांनी केलेल्या संभाषणांची पुस्तके 1959 पासून प्रसिद्ध होत गेली. त्यांतील घोटीव इंग्रजी वाक्ये कितपत स्ट्राविन्स्की यांची आणि कितपत क्राफ्ट यांची, याविषयी संगीताच्या अभ्यासकांत आजही वाद आहे. त्रुफो यांच्या बाबतीत निदान मूळ ध्वनिफिती उपलब्ध आहेत, त्यामुळे छापील मजकूर त्यांच्याशी ताडून पाहता येतो. म्हणून अशी मुलाखत घेणाऱ्याने ध्वनिमुद्रण जपून ठेवणे आणि संपादनात काय बदलले याची नोंद ठेवणे, ही त्या कामातील जबाबदारी मानली पाहिजे.

मराठीत या प्रकाराचे एक मोठे काम संगीताच्या क्षेत्रात झाले आहे आणि ते नव्याने वाचले जाणे अत्यंत गरजेचे आहे. प्राध्यापक बी. आर. देवधर हे पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांचे शिष्य. 1925 साली त्यांनी मुंबईत संगीतविद्यालय स्थापन केले, आणि कुमार गंधर्व तिथेच त्यांच्याकडे शिकले. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या ‘संगीत कला विहार’ या मासिकाचे संपादन करताना त्यांनी समकालीन आणि ज्येष्ठ गायक-वादकांविषयी, त्यांच्याशी झालेल्या संभाषणांच्या व सहवासाच्या आधारे लिहिले, आणि ते लेखन ‘थोर संगीतकार’ या ग्रंथात संकलित झाले. त्या काळातील घराण्यांची रीत ध्यानात घेतली, म्हणजे या कामाची अवघडता कळते. घराणे म्हणजे गुरुशिष्यपरंपरेने चालत आलेली गायकीची विशिष्ट पद्धत. तिच्यातील अस्सल बंदिशी, म्हणजे रागात बांधलेल्या शब्दरचना, घराण्याबाहेरच्या माणसाला सहजासहजी दिल्या जात नसत, आणि कित्येक उस्ताद तर आपल्या शिष्यांनाही त्या हातच्या राखून देत. अशा वातावरणात वही घेऊन आलेल्या त्रयस्थाला फारसे काही मिळाले नसते. देवधर मात्र स्वतः गाणारे होते, आणि एकाच घराण्याशी बांधून न घेता अनेकांकडून शिकण्याची त्यांची वृत्ती होती. सिंदे खाँ यांच्यासारख्या गुणी पण उपेक्षित कलावंताकडून त्यांनी विद्या घेतली आणि त्यांच्याविषयी लिहिलेही. आवाजाच्या साधनेचा त्यांचा स्वतःचा अभ्यास असल्यामुळे, गायकाने श्वास कसा घेतला, स्वर कुठे लावला, रियाज कोणत्या क्रमाने केला, या गोष्टींकडे त्यांचे लक्ष जात असे. आणि हेच ते प्रश्न आहेत जे केवळ रसिक असलेल्या लेखकाला बहुधा सुचत नाहीत. घराण्यांच्या भिंतींपलीकडच्या गायकीकडे मोकळ्या मनाने पाहण्याची जी दृष्टी देवधरांच्या विद्यालयात वाढलेल्या कुमार गंधर्वांच्या गाण्यात पुढे दिसते, तिची मुळे शोधताना अभ्यासकाने गुरूंच्या तालमीबरोबरच गुरूंनी इतरांना विचारलेल्या प्रश्नांकडेही पाहणे आवश्यक आहे.